लॉर्ड कॉर्नवॉलिस : यॉर्कटाउनला हरला, श्रीरंगपट्टणला जिंकला, आणि शेवटी मराठ्यांशी तह करायला निघाला

कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी,

शाळेत कॉर्नवॉलिस म्हणजे कायमधारा पद्धत, १७९३, दोन मार्क. अमेरिकेतल्या पोरांना तो यॉर्कटाउनला शरण आलेला इंग्रज जनरल म्हणून माहीत असतो, आयरिश लोकांना त्यांची संसद बुडवणारा म्हणून, आणि नेपोलियनवर वाचणाऱ्यांना आमियाँच्या तहावर सही करणारा म्हणून. माणूस एकच आणि प्रत्येकाकडे त्याचा एकेक तुकडा, म्हणून बरेच दिवस मनात होतं की सगळं एका जागी लिहावं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. आपण नंतरचा गव्हर्नर जनरल वेलस्ली याच्या काळातल्या लढायांबद्दल भरपूर बोलतो, असई, लासवारी, सगळं तोंडपाठ असतं. पण त्या लढायांमागे जी पगारी, शिस्तीची, कागदोपत्री चोख कंपनी उभी होती ती कॉर्नवॉलिसने बांधलेली होती, आणि ती बांधत असताना १७९१ च्या पावसात त्याची फौज उपाशी मरायला लागली तेव्हा तिला वाचवलं मराठ्यांनी.

जन्म ३१ डिसेंबर १७३८, लंडन. वडील पहिले अर्ल, आई टाउनशेंड घराण्यातली, म्हणजे दोन्हीकडून सरदारकी. ईटनला हॉकी खेळताना डोळ्याला मार बसला तो जन्मभर राहिला. त्या काळी बड्या घरची पोरं पैसे भरून लष्करात हुद्दा घ्यायची आणि जमेल तसं शिकायची, हा मात्र इटलीत ट्युरिनच्या लष्करी शाळेत जाऊन शिकला. १७५९ ला जर्मनीत मिंडेनच्या लढाईत होता. १७६२ ला वडील वारले आणि तेविसाव्या वर्षी हा दुसरा अर्ल होऊन हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसला. आता गंमत बघा, १७६६ मध्ये अमेरिकेतल्या वसाहतींवर वाट्टेल तो कायदा करायचा हक्क पार्लमेंटला आहे असं बिल आलं तेव्हा विरोधात गेलेले लॉर्ड अवघे पाच, आणि त्यात हा. दहा वर्षांनी त्याच वसाहतींवर फौज घेऊन हाच गेला, कारण राजाने सांगितल्यावर नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. हा स्वभाव लक्षात ठेवा, शेवटपर्यंत कामाला येतो.

अमेरिकेत तो लढाया जिंकत गेला आणि युद्ध हरत गेला. २ जानेवारी १७७७ ला ट्रेंटनजवळ वॉशिंग्टनला ओढ्यापलीकडे कोंडलं, अंधार पडला म्हणून हल्ला सकाळवर ढकलला, आणि वॉशिंग्टन शेकोट्या पेटत्या ठेवून रातोरात बगलेने निघून प्रिन्स्टनला इंग्रजांच्या पिछाडीवर जाऊन पडला. आपल्याकडच्या वाचकाला ही चाल नवीन नाही. पुढे दक्षिणेत १७८० ला कॅमडेनला मोठा विजय, पण मग काऊपेन्सला त्याची तुकडी कापली गेली, आणि चिडून पाठलाग करायचा म्हणून याने स्वतःच्या फौजेच्या सामानाच्या गाड्या जाळल्या, तंबू, रम, सगळं, स्वतःचं सामानसुद्धा. मार्च १७८१ ला गिलफर्ड कोर्टहाउसची लढाई जिंकली खरी पण पावभर फौज जखमी नाहीतर मेलेली, आणि खायला काही नाही. असा विजय काय कामाचा.

तिथून व्हर्जिनियात यॉर्कटाउन. समुद्राकडे पाठ करून बसला, कारण समुद्र म्हणजे इंग्रजांचाच अशी खात्री. ५ सप्टेंबर १७८१ ला चेसापीकच्या तोंडाशी फ्रेंच आरमाराने इंग्रज आरमाराला परतवलं आणि ती पाठच उघडी पडली. समोर वॉशिंग्टन आणि फ्रेंच फौज, मागे फ्रेंच गलबतं. १९ ऑक्टोबरला सात हजारांवर माणसांनी हत्यारं ठेवली. कॉर्नवॉलिस आजारी असल्याचं सांगून आलाच नाही, दुय्यम अधिकारी ओ'हाराला पाठवलं, तर वॉशिंग्टनने पण ते आपल्या दुय्यमाकडेच, लिंकनकडे, वळवलं.

इथे कुणाचीही कारकीर्द संपली असती, याची संपली नाही. राजाची मर्जी कायम राहिली, दोष बराचसा सरसेनापती क्लिंटनवर गेला, दोघांनी एकमेकांवर छापील पत्रकं काढली. १७८५ ला प्रशियाच्या फ्रेडरिककडे बोलणी करायला गेला, सिलेशियातल्या लष्करी कवायती बघून आला. आणि १७८६ मध्ये हिंदुस्थान.

हिंदुस्थानला यायला तो आधी तयारच नव्हता. हेस्टिंग्जला त्याच्याच कौन्सिलने कसं जेरीस आणलं ते सगळ्यांनी बघितलेलं होतं. याची अट अशी की गव्हर्नर जनरल आणि सरसेनापती दोन्ही मीच, आणि गरज पडली तर कौन्सिलचं मत बाजूला ठेवायचा अधिकार पाहिजे. पार्लमेंटने त्यासाठी कायदा बदलला. अमेरिकेत वरचा एक, खालचा एक, लंडनचा तिसरा, अशा तीन डोक्यांनी युद्ध चालवल्यावर काय होतं ते त्याने स्वतः भोगलं होतं, त्यामुळे ही अट मला यॉर्कटाउनची पहिली शिकवण वाटते. दुसरी शिकवण रसद. तिसरी म्हणजे मित्रांशिवाय लढायचं नाही.

टिपूने डिसेंबर १७८९ ला त्रावणकोरच्या तटबंदीवर हल्ला केला तेव्हा कॉर्नवॉलिसने आधी पुणे आणि हैदराबाद गाठलं. पुण्यात चार्ल्स मॅलेट कंपनीचा वकील होता, नाना फडणवीसांशी बोलणी होऊन १ जून १७९० ला तह झाला, निजामाशी जुलैत. १७९१ च्या सुरुवातीला कॉर्नवॉलिस स्वतः मैदानात उतरला, २१ मार्चला बंगलोरचा किल्ला पडला, १५ मेला अरिकेरेला टिपूला मागे रेटलं, श्रीरंगपट्टण समोर दिसायला लागलं.

आणि तिथेच सगळं अडलं. पाऊस वेळेआधी लागला. टिपूच्या स्वारांनी आजूबाजूचा मुलूख आधीच जाळून ठेवलेला. बैल हजारोंनी मेले, जे उरले ते ओढेनात, छावणीत देवीची साथ, शिपाई तोफा खांद्याने ओढतायत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्याने वेढ्याच्या जड तोफा स्वतःच फोडून टाकल्या, दारूगोळा नष्ट केला आणि २६ मेला माघार सुरू केली. पहिल्याच मजलेत बाजूने स्वारांचा मोठा जमाव येताना दिसला, टिपूचाच समजून इंग्रज लढायला उभे राहिले, गोळीबाराची वेळ आली आणि समोरून ओरडा झाला की आम्ही मराठे आहोत! हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेची ती आघाडी होती. टिपूच्या लोकांनी मधले जासूद एकूण एक धरले होते म्हणून इंग्रजांना हे इतके जवळ आलेत याचा पत्ताच नव्हता. चार दिवस आधी खबर लागली असती तर त्या तोफा वाचल्या असत्या.

पुढचं माहीत आहे. फेब्रुवारी १७९२ च्या ६-७ तारखेच्या रात्री श्रीरंगपट्टणच्या बाहेरच्या मोर्च्यांवर हल्ला, मग १८ मार्चचा तह. टिपूचं निम्मं राज्य, ३ कोटी ३० लाख रुपये, आणि दोन लहान मुलगे ओलीस. कॉर्नवॉलिसने लुटीतला स्वतःचा वाटा घेतला नाही. पुढच्या वर्षी कायमधारा करून, मार्क्वेस होऊन विलायतेला गेला. मग आयर्लंड, मग आमियाँ, मग १८०५ ला परत इथे आणि इथेच मृत्यू, त्यावर प्रतिसादांत बोलू.

मला प्रश्न पडतो तो हा की १७९१ ला हरिपंत आणि नानांनी जे केलं ते त्या वेळच्या हिशोबाने बरोबर होतं का? मला वाटतं होतं, पण तुमची मतं ऐकायची आहेत.

तोफखाना

मस्त धागा, वाचनखूण साठवली.

त्या भेटीनंतरचं एक राहिलं. मराठ्यांच्या छावणीचा बाजार बघून इंग्रज अधिकारी चक्रावले होते. यांच्याकडे तांदळाचा दाणा नाही आणि तिथे धान्य तर होतंच, पण काश्मिरी शाली, जडजवाहीर, विलायती बनात, बर्मिंगहॅमचे चाकू, पैसे टाका आणि पाहिजे ते घ्या. भाव मात्र चढे, आणि त्यावरून इंग्रज लेखक मराठ्यांना लोभी म्हणून शिव्या घालतात, ते वाचून डोकं फिरतं. मराठी फौज पगारावर कमी आणि मुलुखगिरीवर जास्त चालायची, बाजार व्यापाऱ्यांचा असायचा, सरकारी कोठी नव्हे, मग दुष्काळात भाव चढणारच की. आणि त्या चढ्या भावाच्या धान्यावरच कॉर्नवॉलिसची फौज बंगलोरला जिवंत पोचली हे ते विसरतात.

लगोलग हरिपंतांनी इंग्रजांकडे १४ लाखांचं कर्ज मागितलं. कॉर्नवॉलिसने काय करावं, मद्रासला चीनच्या व्यापारासाठी जहाजांवर चांदी आलेली होती ती अडवायला लावली आणि रुपये पाडायला सांगितलं. कँटनचा चहा राहू दे, आधी मराठे टिकले पाहिजेत. अमेरिकेत स्वतःच्या गाड्या जाळणारा माणूस दहा वर्षांत इथवर आला होता. पुढच्या मोहिमेत तर त्याने लमाणांचे तांडेच हाताशी धरले, त्यांच्या हजारो बैलांवर धान्य आणलं आणि मगच श्रीरंगपट्टणकडे हलला. मधल्या काळात नंदीदुर्ग आणि सावनदुर्ग घेऊन पाठीमागची वाट मोकळी करून ठेवली. १७९१ आणि १७९२ च्या मोहिमांमधला फरक सगळा बैलांचा आहे असं माझं स्पष्ट मत.

कृष्णाकाठी

आमच्या भागातला विषय निघाला म्हणून लिहितेय. परशुरामभाऊंनी त्याआधी धारवाडला वेढा घातला होता, सप्टेंबर १७९० पासून एप्रिल १७९१ पर्यंत. मदतीला मुंबईहून आलेली कॅप्टन लिटलची पलटण होती. टिपूचा किल्लेदार बद्रुझमान खान भारी चिवटपणे लढला. इंग्रजांची तक्रार अशी की भाऊंचे तोफवाले दिवसातून मोजके गोळे टाकतात आणि मध्येच जेवायला बसतात. पण भाऊंना तो मुलूख परत आपल्या ताब्यात घेऊन वसवायचा होता, तिथलं एकेक ठाणं, एकेक देसाई त्यांच्या ओळखीचा, हैदरने तो हिसकावलेला. त्यांच्यासाठी युद्ध धारवाडचं होतं, कॉर्नवॉलिससाठी श्रीरंगपट्टणचं. म्हणूनच वर्षाअखेरीला सगळे राजधानीकडे निघायचे ठरलेले असताना भाऊ शिमोग्याकडे बिदनूर प्रांतात घुसले, कॉर्नवॉलिस तिकडे खवळलेला, आणि भाऊ परत येईपर्यंत तहाची बोलणी झालेली.

आणि एक कडू गोष्ट पण लिहायला पाहिजे, कारण हा भाग लोक गाळतात. याच मोहिमेत मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांनी टिपूला लिहिलं, टिपूने मठाला मदत पाठवली, ती पत्रं उपलब्ध आहेत. मी पटवर्धनांच्या मुलुखातली आहे, भाऊंबद्दल मला आदर आहे, तरी हे घडलं ते घडलं.

कऱ्हाकाठ

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आणि तोफखाना, लमाणांचा मुद्दा एकदम पटला.

सातबारा

महसूल खात्यात आयुष्य गेलं म्हणून कायमधाऱ्यावर लिहितो, कारण ते एका ओळीत उडवण्यासारखं नाही.

कॉर्नवॉलिस यायच्या आधी कंपनीचा कलेक्टर तुटपुंज्या पगारावर असायचा आणि स्वतःच्या नाहीतर भाऊबंदाच्या नावाने व्यापार करून गब्बर व्हायचा. वरच्यांना माहीत असायचं, वरचेही तेच करायचे. कॉर्नवॉलिसने कलेक्टरला महिना १५०० रुपये पगार आणि वसुलीवर थोडं कमिशन लावून दिलं आणि खासगी व्यापार बंद म्हणजे बंद. ओळखीपाळखीची पत्रं घेऊन विलायतेहून येणाऱ्यांना, अगदी राजघराण्यातून शिफारस असली तरी, नोकऱ्या नाकारल्या. जन्माने श्रीमंत आणि राजाचा माणूस असल्यामुळेच त्याला हे परवडलं, कंपनीच्या कारकुनीतून वर आलेल्याला ते जमलं नसतं.

मग १७९३ ची संहिता. वसुली कलेक्टरकडे, न्याय जिल्हा जजकडे, दोन कामं दोन माणसांकडे. सरकारी अधिकाऱ्यावरही दिवाणी कोर्टात दावा लावता येईल. कागदावर हे फार मोठं पाऊल आहे आणि मी ते मोठंच मानतो.

पण जमिनीचं काय केलं बघा. २२ मार्च १७९३ ला जाहीर केलं की बंगालच्या जमीनदारांनी सरकारला द्यायचा सारा कायमचा ठरला. एकूण आकडा सुमारे २ कोटी ६८ लाख रुपये. जमा होणाऱ्या साऱ्यातले अकरापैकी दहा वाटे सरकारचे, एक जमीनदाराचा. जॉन शोअर, ज्याला जमिनीची खरी माहिती होती, तो कळकळीने सांगत होता की आधी दहा वर्षं चालवून बघा, मोजणी नाही, पीकपाणी माहीत नाही, कायमचं कशाला करता. कॉर्नवॉलिस ऐकेना. त्याच्या डोळ्यासमोर इंग्लंडमधला जमीनदार होता, त्याच्यासारखाच, जो आपली इस्टेट सुधारतो, चर खणतो, कुळांना सांभाळतो. बंगालमध्ये झालं भलतंच. ठरल्या दिवशी सूर्यास्तापर्यंत भरणा झाला नाही तर जमीनदारी लिलावात. पहिल्या काही वर्षांत जुन्या घराण्यांच्या जमीनदाऱ्या पटापट विकल्या गेल्या, कलकत्त्याच्या पैसेवाल्यांनी घेतल्या. कूळ कुठेच नव्हतं, ना कागदावर ना कोर्टात.

आपल्याकडे पेशवाई बुडाल्यावर एलफिन्स्टनच्या वेळी हे आणलं नाही, रयतवारी आली, शेतकऱ्याच्या नावे थेट आकारणी. रयतवारीचेही भोग आहेत, सावकारी, १८७५ चे दंगे, सगळं. पण खातं रयतेच्या नावे होतं, आणि आपल्या सातबाऱ्यावर आज शेतकऱ्याचं नाव आहे त्याची मुळं त्यात आहेत.

कऱ्हाकाठ

सातबारा काका, हे वेगळा लेख म्हणून टाका हो, इथे दबून जाईल.

याला जोडून माझा सगळ्यात मोठा आक्षेप. ज्या हाताने त्याने भ्रष्टाचार साफ केला त्याच हाताने हिंदी माणसाला वरच्या प्रत्येक खुर्चीतून उठवलं. मुर्शिदाबादला फौजदारी न्याय मुहंमद रझा खानाकडे होता, १७९० ला तो काढून घेऊन कलकत्त्याला इंग्रजांच्या हाती दिला. वर्षाला ५०० पौंडांच्या वरची नोकरी हिंदी माणसाला नाही. १७९१ पासून ज्यांची आई हिंदी त्या युरेशियन पोरांनाही कंपनीच्या नोकरीची दारं बंद. त्याची समजूत अशी की इथला माणूस मुळातच लाचखाऊ. अरे, पण तुझे इंग्रज काल काय करत होते? त्यांना पगार वाढवून दिलास आणि ते सुधारले, मग तोच उपाय इकडच्यांना का नाही? मुन्सफाला पन्नास रुपयांपर्यंतचे दावे आणि दारोग्याला ठाणं, यापलीकडे काही नाही. पुढची शंभर वर्षं सिव्हिल सर्व्हिससाठी आपले लोक जे भांडत राहिले त्याची सुरुवात इथे आहे. हा माणूस स्वतः स्वच्छ होता, यात शंका नाही, आणि म्हणूनच याचा राग जास्त येतो.

लिफीकाठ

डब्लिनमध्ये राहतो म्हणून आयर्लंडची भर.

१७९८ च्या जूनमध्ये इथे बंड ऐन भरात असताना त्याला लॉर्ड लेफ्टनंट आणि सरसेनापती, पुन्हा दोन्ही, करून पाठवलं. तो पोचला त्याच सुमारास व्हिनेगर हिलला बंडखोर हरले. ऑगस्टमध्ये किलालाला हुम्बेर नावाचा फ्रेंच जनरल हजारभर सैनिक घेऊन उतरला, कॅसलबारला त्याने इंग्रज फौजेची पळता भुई थोडी केली, मग कॉर्नवॉलिसने घाई न करता मोठी फौज जमवून त्याला घेरलं, ८ सप्टेंबरला बॅलिनामकला सगळं संपलं. फ्रेंच कैद्यांना सन्मानाने वागवलं, त्यांच्याबरोबरच्या आयरिश लोकांची मात्र कत्तल झाली, हेही लिहून ठेवायला हवं.

तरी एकूण तो तिथल्या प्रोटेस्टंट जमीनदारांपेक्षा सौम्य होता. साध्या बंडखोरांना माफी द्यायचा, कोर्ट मार्शलचे निकाल स्वतः वाचायचा, फाशा कमी करायचा. तिथल्या बड्यांना तो इतका खुपला की बंडखोरांना क्रॉपी म्हणायचे त्यावरून याला क्रॉपीवॉलिस म्हणायला लागले.

मग युनियनचा, म्हणजे आयर्लंड ब्रिटनला जोडून टाकायचा कायदा. आयरिश संसदेने स्वतःच्या बरखास्तीला मत द्यायचं म्हणजे मतं विकत घेणं आलं, पदव्या, पेन्शनी, आणि बंद होणाऱ्या प्रत्येक मतदारसंघाच्या मालकाला १५,००० पौंड भरपाई. या घाणेरड्या कामात पडल्याबद्दल मला स्वतःचीच घृणा वाटते अशा अर्थाचं त्याने पत्रात लिहिलंय. पण केलं. धाग्यात सुरुवातीला म्हटलाय तोच स्वभाव. त्याला वाटत होतं युनियन झालं की कॅथलिकांना संसदेत बसायचा हक्क मिळेल, पंतप्रधान पिटने तशी आशा दाखवली होती. राजा तिसरा जॉर्ज शपथेचं कारण सांगून अडून बसला, १८०१ ला पिटने राजीनामा दिला आणि कॉर्नवॉलिसनेही. इथे मला तो माणूस म्हणून आवडतो. आयरिश लोकांना त्याने शब्द दिल्यासारखंच होतं आणि तो पाळता येत नाही म्हटल्यावर खुर्ची सोडली.

जुनंदफ्तर

मूळ प्रश्नावर येतो, नानांनी बरोबर केलं का.

नानांना टिपू नामशेष करायचाच नव्हता, हे आधी समजून घ्या. हैदर-टिपूने घेतलेला तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख परत पाहिजे, टिपूची नांगी मोडली पाहिजे, पण तो उरला पाहिजे, नाहीतर उद्या दक्षिणेत इंग्रजांसमोर आपणच. श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूला निम्मं राज्य राहिलं त्यात हरिपंतांच्या मध्यस्थीचा मोठा वाटा. कॉर्नवॉलिसला पण तेच हवं होतं, १७८४ च्या कायद्याने राज्यविस्ताराला मनाई केली होती, फ्रान्सशी युद्ध कधी पेटेल सांगता येत नव्हतं. दोघांची गरज जुळली.

तहानंतर कॉर्नवॉलिसने अजून एक डाव टाकला, टिपूने पुन्हा डोकं वर काढलं तर तिघांनी मिळून एकमेकांचं रक्षण करायचं असा हमीचा करार. पुण्याने तो लोंबकळत ठेवला, आमच्या चौथाईचं आधी बघा म्हणून अटी घातल्या. नानांनी ओळखलं होतं की ही हमी घेतली की उद्या निजामाशी आपलं भांडण झालं तरी इंग्रज मध्ये येणार. तो करार झाला नाही, आणि १७९५ ला खर्ड्यावर निजाम एकटा सापडला, तोवर गव्हर्नर जनरल झालेला शोअर हात बांधून बसला. म्हणजे नाना १७९० लाही बरोबर आणि १७९३ लाही.

महादजी शिंद्यांचं बोलणं वेगळं होतं. इंग्रजांकडून उत्तरेतल्या आपल्या मुलुखाची हमी मिळत असेल तर येतो असं त्यांनी कळवलं, कॉर्नवॉलिसने ती दिली नाही. महादजी १७९२ च्या जूनमध्ये पुण्याला आले, १७९४ ला गेले. हरिपंतही त्याच साली गेले, १७९५ ला सवाई माधवराव. चुकीचा तह वगैरे काही नाही, माणसंच संपली. वेलस्ली आला तेव्हा समोर बोलणी करायला नाना १८०० पर्यंत होते, आणि नंतर दुसरा बाजीराव.

गोदातीर

लेख आवडला पण शीर्षकातल्या शेवटच्या भागाला माझा आक्षेप आहे. तह करायला निघाला म्हणजे मराठ्यांबद्दल प्रेम होतं असं वाचणाऱ्याला वाटेल. कंपनी कर्जात बुडाली होती, शिपायांचे पगार थकले होते, वेलस्लीच्या लढायांचा खर्च लंडनला झेपेना, म्हणून म्हाताऱ्याला परत पाठवलं. आणि यात यशवंतराव होळकरांचं श्रेय कुठे गेलं? १८०४ ला इंग्रज कर्नल मॉन्सनच्या फौजेची जी धूळधाण झाली आणि १८०५ ला भरतपूरच्या तटावर इंग्रज सरसेनापती लेकने चार वेळा डोकं आपटलं, ते झालं नसतं तर लंडनला शांतता आठवली असती का?

कऱ्हाकाठ

प्रेम असं मी कुठेच म्हटलेलं नाही, आणि यशवंतरावांबद्दल शंभर टक्के सहमत. मॉन्सनच्या त्या माघारीची बातमी लंडनला पोचली आणि वेलस्लीची खुर्ची हलली.

पण कॉर्नवॉलिसची स्वतःची बाजू पण धरा. ३० जुलै १८०५ ला कलकत्त्याला उतरला तेव्हा वय ६६, तब्येत ढासळलेली. त्याचं म्हणणं सरळ होतं, वेलस्लीच्या तैनाती फौजांच्या तहांनी कंपनीच्या गळ्यात इतके दुबळे राजे बांधलेत की प्रत्येकाचं भांडण आपलं होऊन बसलंय. शिंद्यांना ग्वाल्हेर आणि गोहद परत द्या, होळकरांना त्यांचा मुलूख द्या, यमुनेच्या पलीकडे राहूच नका, दिल्लीचासुद्धा हट्ट नको. लेकला १९ सप्टेंबरला तसं पत्र लिहिलं. लेकने विरोध कळवला तो पोचेपर्यंत हा उरला नव्हता. पावसाळ्यात गंगेतून बोटीने वर जात होता, शिंदे-होळकरांशी स्वतः बोलायचं म्हणून, आणि ५ ऑक्टोबरला गाझीपूरला गेला. कबर तिथेच आहे, मोठा घुमट आहे, इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनचं कोरीवकाम आहे.

मुंबईचा_पाऊस

अवांतर: मुंबईतही याचा पुतळा आहे बरं का. पूर्वी बॉम्बे ग्रीनवर, म्हणजे आत्ताच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, छत्रीखाली होता, आणि लोक त्याला देवाचं ठाणं समजून फुलं वाहायचे, सरकारला ते थांबवायचा खटाटोप करावा लागला होता. हल्ली तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात ठेवलाय. राणीच्या बागेत गेलात तर नक्की बघा.

लेखकाला विनंती, आमियाँवर दोन ओळी तरी लिहा ना.

कऱ्हाकाठ

लिहितो. ऑक्टोबर १८०१ ला लंडनला प्राथमिक करार झालेला होता, पक्का तह करायला कॉर्नवॉलिसला फ्रान्सला पाठवलं. पॅरिसला नेपोलियनने त्याचं थाटात स्वागत केलं, मग आमियाँला समोर बसला नेपोलियनचा थोरला भाऊ जोसेफ, आणि त्याच्या मागून सूत्रं हलवणारा फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री तालेराँ. कॉर्नवॉलिस सरळ बोलणारा सैनिक, तोंडी कबूल झालेलं दुसऱ्या दिवशी कागदावर वेगळं यायचं, आणि लंडनचं सरकार मागून घाई करतंय की खर्च झेपत नाही, सही करून टाका. मार्च १८०२ ला सही झाली. केप डच लोकांना परत, सिलोन आणि त्रिनिदाद इंग्रजांकडे, आणि माल्टा सोडायचा असं ठरलं पण तो त्यांनी सोडलाच नाही. मे १८०३ ला युद्ध पुन्हा सुरू. वाटाघाटी करणारा म्हणून मी त्याला फार वर ठेवत नाही. हरिपंत आणि टिपूचे वकील समोर असताना त्याच्या मागे फौज होती, आमियाँला मागे रिकामी तिजोरी होती, तिथे कुणीही कमीच पडला असता.

जुनंदफ्तर

१८०५ चं पुढचं लिहून टाकतो म्हणजे धागा अर्धवट राहणार नाही. कॉर्नवॉलिसच्या जागी आलेल्या जॉर्ज बार्लोने त्याचंच धोरण पुढे नेलं. २२ नोव्हेंबर १८०५ ला शिंद्यांशी तह, ग्वाल्हेर-गोहद परत. डिसेंबरअखेर बियास नदीकाठी यशवंतरावांशी तह, आणि फेब्रुवारी १८०६ मध्ये पुरवणी कलम जोडून टोंक-रामपुरा पण त्यांना सोडलं. म्हणजे पंजाबपर्यंत पाठलाग करून गेलेल्या लेकला शेवटी हाताशी काहीच लागलं नाही.

गोदातीर

मान्य. आणि जे राजपूत राजे इंग्रजांच्या भरवशावर होळकरांच्या विरुद्ध उभे राहिले त्यांचं काय झालं?

कऱ्हाकाठ

त्यांना वाऱ्यावर सोडलं. जयपूरशी केलेला तह कंपनीने मोडीत काढला, लेकने त्यावर जोरदार निषेध नोंदवला आणि जयपूरच्या वकिलाने तर लेकला तोंडावर सुनावलं की इंग्रजांनी स्वतःच्या सोयीसाठी दिलेला शब्द मोडायची ही पहिलीच वेळ. कॉर्नवॉलिसचं शांततेचं धोरण कितीही प्रामाणिक असलं तरी त्याचा हिशोब असा दुसऱ्याच कुणाच्या तरी नावे पडला, आणि १८१७-१८ ला पेंढारी युद्धाच्या वेळी हेच सगळे राजे पुन्हा एकेक करून कंपनीच्या तहात आले, तेव्हा अटी कंपनीच्या होत्या.